छायाची बशी, स्मिताची परात

अबुधाबीच्या मराठी मंडळात कुणाची अंगठी, पैंजण, कानातलं समुद्रावर हरवलं की एकच नाव निघायचं: छाया देवस्थळी. खलिफा सिटीत राहणारी, शाळेची प्रयोगशाळा सांभाळणारी ही पन्नाशीची बाई दर शनिवारी सकाळी मेटल डिटेक्टर खांद्याला अडकवून किनाऱ्यावर हजर. कधीकाळी तिचं स्वतःचं मंगळसूत्र लाटेत गेलं, म्हणून हे मशीन घरात आलं. मंगळसूत्र काही मिळालं नाही, पण लोकांचं बरंच मिळत गेलं, आणि त्याबरोबर मान. "छायाताईंना बोलवा," असं कुणी म्हटलं की तिचे कान सुखावायचे.

मग वरच्या मजल्यावर पुण्याची स्मिता राहायला आली. पस्तिशीची, हसतमुख, आणि हात लावेल ते जमणारी. गणपतीत निवेदन तिनं केलं, मोदकही तिचेच संपले. छायानं तेवढं सोसलं. पण एका संध्याकाळी स्मिता दारात उभी राहून म्हणाली, "छायाताई, तुमचं बघून मीपण मशीन घेतलं! सोबत आलेली कॉइल काही खास नाही म्हणतात. कोणती घेऊ? तुम्ही सांगाल ती."

कॉइल म्हणजे दांड्याच्या टोकाची गोल चकती, वाळूवरून फिरवायची. सगळी करामत तिच्यात. छायाच्या मशीनला होती बशीएवढी. सहलीच्या किनाऱ्यावर पावलोपावली बाटल्यांची झाकणं पुरलेली असतात. लहान कॉइल झाकण वेगळं सांगते, शेजारचं नाणं वेगळं. परातीएवढी मोठी कॉइल खोलवरचं ऐकते खरी, पण कचऱ्यात तिला सगळंच एकदम ऐकू येतं आणि नुसता गोंगाट होतो. छायाला हे पाठ होतं.

"मोठी घे," ती म्हणाली. "घ्यायची तर मोठीच."

स्वतः गाडी चालवत ती स्मिताला दुबईत अल क्वोजच्या दुकानात घेऊन गेली. दुकानातला मुश्ताक कोकणातल्या म्हसळ्याचा, मराठी ऐकलं की खुलायचा. त्याचं बहुतेक गिऱ्हाईक आफ्रिकेत सोनं शोधायला जाणारं.

"सोन्याच्या बारीक कणांना लहान लागते, खोल गेलेल्या मोठ्या तुकड्याला ही," पंधरा इंची कॉइल काउंटरवर ठेवत तो म्हणाला. "पण ताई, तुम्हाला बीचवर नाणी शोधायची तर मी म्हणेन..."

"हीच द्या," छायानं त्याला मध्येच तोडलं.

मुश्ताकनं तिच्याकडे पाहिलं. तिला बशी विकणारा तोच होता. छाया शोकेसमधले हेडफोन बघू लागली.

"नऊशे दिरहॅम, म्हणजे वीस हजारांच्या वर की हो!" स्मिता म्हणाली. "असू दे. छायाताई म्हणतात ना!"

पहिल्या शनिवारी सगळं छायाच्या मनासारखं झालं. स्मिताचं मशीन थांबता थांबेना. उकरावं तिथे झाकण. तासाभरात तिचा दंड भरून आला. छायाला तेवढ्यात पाच नाणी मिळाली, आणि ती तिनं मुद्दाम मोठ्यानं मोजली. घरी येताना ती गाणं गुणगुणत होती.

पुढच्याच आठवड्यात मंडळातल्या नव्या नवरीची, शुभ्राची, लग्नातली अंगठी हरवली. किनारा सहलीचा नव्हे, दूरचा, मोकळा, स्वच्छ. छायानं ती जागा सुटीच्या दोन्ही दिवशी विंचरून काढली. काही नाही. "समुद्रानं नेली गं," तिनं शुभ्राला सांगितलं, आणि शुभ्रा रडली.

स्मिता तिकडे एकटीच गेली. वाळू सारखी करणाऱ्या ट्रॅक्टरनं अंगठी दाबून टाकली होती. स्मिताचा हात मनगटाच्या वर बुडाला तेव्हा ती बोटाला लागली. तिथे झाकणं नव्हती. होती ती फक्त खोली, आणि खोलीला परातच हवी होती.

मंडळाच्या ग्रुपवर फोटो आला. खाली स्मितानं लिहिलं होतं: "सगळं श्रेय छायाताईंना. ही कॉइल त्यांनीच निवडून दिली."

छायानं फोन उशीवर आपटला.

"अगं, तुझंच कौतुक केलंय," दत्तप्रसाद, तिचा नवरा, म्हणाला. "तूच सुचवलीस ना तिला?"

"हो, मीच! माझीच अक्कल शेण खायला गेली होती!"

"मॉम, चिल. इट्स जस्ट अ रिंग," तिचा मुलगा वेदांग हॉलमधून ओरडला.

त्या दोघांना काय सांगणार? चोराला शिव्या देता येतात. ज्यानं आपल्याच वाईट सल्ल्याचं सोनं केलं आणि वर आभार मानले, त्याला काय म्हणायचं? जिन्यात स्मिताचं हसणं ऐकू आलं की छाया दार लावून घेऊ लागली.

शेवटी न राहवून ती एकटीच अल क्वोजला गेली. "ती मोठी कॉइल आहे का अजून?"

"आहे की." मुश्ताकनं खोका काढला. मग जरा थांबून म्हणाला, "स्मिता मॅडम परवा येऊन तुमच्यासारखी लहान घेऊन गेल्या. तुम्हाला सांगू नका म्हणाल्या. म्हणे, ताईंनी प्रेमानं मोठी निवडली, त्यांना वाईट वाटेल."

छायाला पहिल्यांदा आला तो रागच: म्हणजे आता हिच्याकडे दोन्ही! मागोमाग लाज आली, आणि ती रागापेक्षा जड निघाली. पैसे देऊन ती गाडीत बसली. एसी लावून बराच वेळ तशीच राहिली. मग तिनं फोन लावला.

"स्मिता, शनिवारी सहलीच्या किनाऱ्यावर जाऊ. लहान कॉइल लाव."

"मुश्ताकभाईंनी सांगितलं वाटतं?"

"सांगितलं. आणि ऐक, त्या दिवशी दुकानात तो बरोबर सांगत होता. मी त्याला बोलू दिलं नाही."

"का हो?"

"तुला जमू नये म्हणून."

स्मिता म्हणाली, "सातला खाली येते. चहा तुम्ही आणा."

शनिवारी दोघी शेजारी शेजारी चालल्या, बोलल्या कमी. स्मिताला तासाभरात एक चांदीचं कडं मिळालं. छायाला दोन झाकणं.

"छान आहे गं," छाया म्हणाली. पोटात दुखलंच, अगदी पूर्वीसारखं. तिनं थर्मास उघडला आणि पहिला कप स्मितापुढे धरला.