दिगूनं फोडलेला ड्रम

धाकटा भाऊ दिगू गेला, हे त्याच्या बायकोच्या फोनवरून कळलं. "दादा, हे गेले हो..." एवढंच बोलली. मी सोनपेठच्या बाजारात होतो, हातात वांग्याची पिशवी. दोन वर्षं मी त्याच्याशी एक शब्द बोललो नव्हतो. आता महिना झाला. माझं शिक्षण चौथीपर्यंत, पण हे मलाच लिहायला पाहिजे.

दिगू परराज्यात गॅसच्या विहिरीवर होता. जमिनीत लय खोल, लिहायच्या पाटीसारखा खडक असतो, तो पाण्याच्या दाबानं फोडून गॅस काढतात. ते पाणी मग तेल, मीठ अन् कसली कसली औषधं घेऊन वर येतं. ते साफ करायचं काम दिगूचं. आधी वरचं तेल काढायचं, मग घाण खाणाऱ्या जिवाणूंच्या हौदात सोडायचं. खाऱ्या पाण्यात जिवाणू मरतात, म्हणून जनावर नव्या चाऱ्याला लावावं तशी त्यांना हळूहळू सवय लावायची. शेवटी कोळशातून गाळायचं. "दादा, काचेसारखं दिसतंय म्हणून स्वच्छ न्हाई. विरघळलेलं डोळ्याला दिसत न्हाई," म्हणायचा. मी हसायचो, "पाणी धुतोय आमचा साहेब!"

एकदा त्याच्याकडं गेलो, तेव्हा त्याला न सांगता तिथल्या वॉचमनकडून औषधाचा रिकामा निळा ड्रम मागून आणला. गावात टँकर आठवड्याला यायचा, अन् एवढा मोठा ड्रम कुणाकडं नव्हता. त्याच उन्हाळ्यात दिगू आला. झाकण काढून नाक लावलं, अन् पहार उचलून बुडाशी भोक पाडलं. पिण्याचं पाणी अंगणभर झालं.

"भावजी, तीनदा राखेनं घासलाय वो!" माझी बायको कमल रडायला लागली.

"वहिनी, प्लास्टिकात मुरलेलं राखेनं निघत न्हाई."

"लय शाना झालास? निघ! माझ्या दारात पाय ठेवू नको," मी ओरडलो. तो जेवला नव्हता. तसाच एसटीला गेला.

पुढच्या वर्षी कमल तापानं गेली. तो आला, भिंतीला टेकून बसला... मी पाणीसुद्धा विचारलं नाही. जाताना म्हणाला, "दादा, येऊ का?" मी तोंड फिरवलं. तीच शेवटची भेट.

ड्रम गोठ्यामागं पडून आहे. टाकून दिला नाही, राग धरायला तो लागत होता. दिगूचं दहावं करून आलो अन् त्या ड्रमसमोर बसलो. दोन उन्हाळे तापलेला, आत कोरडा ठणठणीत. झाकण काढून डोकं घातलं... वास अजून होता.

"खरं होतं रे तुझं," मी आतच बोललो. "ये, जेवून जा..."

माझाच आवाज घुमून परत आला.