रीमाच्या अक्षरातले वाक्य

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेले नाही. तुम्हाला का सांगतो आहे — तेही मला नीट उमगलेले नाही.

आमच्या हिंदीभाषक शहरात, सिविक सेंटरजवळच्या एका सभागृहात मी अधूनमधून शिक्षकांशी बोलतो. वर्गात युद्धाची चर्चा निघाली की तिच्यात शिरणारा ज्यूद्वेष कसा ओळखावा, हा विषय. मी सांगतो — इस्रायलच्या सरकारवर कितीही कठोर टीका होऊ द्या, गाझातल्या लेकरांसाठी मुलांचा जीव तुटू द्या. पण बोट सरकारवरून साऱ्या ज्यूंकडे वळले, की तिथेच थांबवा. मग उदाहरण देतो, 'एका शिक्षकाच्या वर्गात असे घडले.' परवा एका बाईंनी विचारले, "कौन थे सर, वो महापुरुष?" सगळे हसले. मीही हसलो.

तो शिक्षक मी आहे. पण एवढ्यानेही खरे सांगून होत नाही.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट; तेव्हाही गाझात युद्ध पेटलेले होते. अकरावीचा वर्ग. प्रत्येकाचा मुद्दा फळ्यावर लिहायचा, कुणाचाही गाळायचा नाही — ही माझी पद्धत, आणि तिचा मला केवढा अभिमान! अक्षर सुंदर म्हणून खडू रीमाच्या हाती असे. रीमा शेजारच्या चरोद्याच्या रेल्वे क्वार्टरमधली. आडनावाच्या शेवटी 'कर', म्हणून वर्ग तिला माझ्यासारखीच मराठी हिंदू समजे. ती ज्यू होती. मला ठाऊक होते. तिच्या आजोबांनी कोकणातल्या आपल्या पूर्वजांविषयी मला सांगितले होते. त्यांच्या घरचा पोहे-खोबरे-गुळाचा मलिदा मी खाल्ला होता. पण त्या तासाला ते आठवलेच नाही — असे मी स्वतःला सांगत आलो. आठवले नव्हते?

बॉम्बहल्ल्यांवर बोलणे चालले होते. एक मुलगा उठला, "सर, ये यहूदी होते ही ऐसे हैं. पूरी दुनिया का पैसा दबा के बैठे हैं." वर्ग खिदळला.

रीमाचा खडू थांबला. ती वळली, आणि वर्गात कधी न बोललेल्या आमच्या घरच्या मराठीत हळूच म्हणाली, "सर, हेबी मीच लिहू का?"

ती कोण, याची आठवण तिनेच करून दिली — इतरांना कळू न देता. एक 'नको' पुरले असते. मला कशाची भीती वाटली? पक्षपाती ठरण्याची? की भीती नव्हतीच, नुसती सवय होती? अजून उलगडत नाही.

मी हिंदीत म्हणालो, "लिखो बेटा. सबकी बात लिखी जाती है."

तिने लिहिले. नेहमीसारखेच, सुरेख, सरळ ओळीत.

त्याआधी स्टेशनवर, बाजारात भेटली की ती माझ्याशी मराठीत बोलायची. त्यानंतरही भेटायची, नमस्कार करायची — आणि हिंदीत बोलायची.