लाल काचेवरचे कुंकू

ओल्या बुचाच्या फुलांचा वास, उगाळलेले चंदन आणि इंजिनाचे तेल एकत्र दरवळले की मला मल्लेश्वरममधल्या आमच्या घरापुढची दसऱ्याच्या वेळच्या आयुधपूजेची ती सकाळ आठवते, आणि पाठोपाठ स्वतःची लाज वाटते.

साठ सालानंतरचे दिवस होते. अण्णाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, जुनी काळी मोटार घेतली आणि मी ती शिकण्याचा हट्ट धरला. अण्णा कबूल झाला, पण एक चूक झाली की पुन्हा स्टिअरिंगच्या चाकाला हात लावायचा नाही, अशी अट त्याने सर्वांदेखत घातली. शिकवायला आला मुनियप्पा, कोपऱ्यावर शेड असलेला आमचा मेकॅनिक. त्याची शिकवण थोडी, पण पक्की होती. दोन्ही हात चाकावर ठेवायचे. किल्ली फिरवली की इंजिनातल्या तेलाचा इशारा देणारा लाल दिवा लागलेला पाहायचा आणि इंजिन सुरू झाले की तो विझलेला पाहायचा. "लागला नाही तरी थांबायचं, विझला नाही तरी थांबायचं, अम्मा," असे तो कानडीत पुन्हा पुन्हा बजावी.

पूजेच्या दिवशी कोवळ्या उन्हात मी गाडीच्या अंगोपांगांना गंध-कुंकू लावत गेले. चाके झाली, पुढचे दिवे झाले, हॉर्न झाला, आणि शेवटी स्टिअरिंगमागची, तेलाच्या दिव्याची ती बटणाएवढी लाल काच मला गाडीच्या कपाळासारखी वाटली, म्हणून तिच्यावरही ठसठशीत बोट टेकवले. पूजेचे कुंकू पुसायचे नाही, आपोआप झडू द्यायचे, ही आमच्या घरची रीत. ते वाळून घट्ट बसले. दिवा दिसेनासा झाला हे मला कळत होते. पण दिवा दिसत नाही म्हणजे गाडी सुखरूप, अशी सोयीची समजूत मी करून घेतली. अण्णा तर दिव्याकडे पाहणाऱ्यांतला नव्हताच.

कार्तिकात तो वहिनीला तुमकूरला माहेरी पोचवायला निघाला आणि अर्ध्या वाटेवर इंजिन कण्हत जाम झाले. तेल गळून संपले होते. बैलजोडीने ओढत आणलेल्या मोटारीत वहिनी पदर सावरून बसली होती. एरवी मी तिला महिनाभर चिडवले असते.

मुनियप्पाला बोलावणे गेले. दिवा लागलाच नाही, तू पूजेआधी तपासलेस तरी काय, असे अण्णा कडाडला आणि पाणी प्यायला आत गेला. मुनियप्पाने किल्ली फिरवली. काचेत अंधार होता. त्याने वाकून तार चाचपली, ती घट्ट होती. बल्ब होल्डरसकट मागून ओढून काढला, तर तो त्याच्या हातात लख्ख पेटलेला. तो परत बसवून त्याने काचेकडे पाहिले, कुंकवाला बोट लावून डोळ्यांना टेकवले आणि मग ओल्या अंगठ्याने काच पुसली. लाल उजेड त्याच्या पांढऱ्या मिशांवर पडला. त्याने अंगठ्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले.

अण्णा बाहेर आला तेव्हा अंगठा खाकी विजारीला पुसून झाला होता. "तार सैल होती, स्वामी," तो म्हणाला. "नन्न तप्पु. चूक माझी."

अण्णाची अट त्याला ठाऊक होती. मी तोंड उघडायला हवे होते. अण्णाने सारे खापर त्याच्या माथ्यावर फोडले, गाडी दुसरीकडे दुरुस्तीला दिली आणि ही हकीकत गल्लीभर सांगितली, तशा आणखी तीन-चार गाड्या त्या शेडमधून नाहीशा झाल्या. माझे शिकणे मात्र निर्वेध पार पडले, आणि त्या सुखाची मला आजही शरम वाटते.

वर्षभराने अण्णाला शेजारी बसवून मी त्या कोपऱ्यावरून गाडी नेत होते. बुच पुन्हा फुलला होता. "माणूस बेफिकीर," अण्णा म्हणाला, "पण तुला शिकवलं मात्र चांगलं." रिकाम्या शेडपुढे बसलेल्या मुनियप्पाने आमची गाडी ओळखली आणि हात वर केला. अण्णाने मान फिरवली.

माझे दोन्ही हात चाकावर होते. ते तिथेच ठेवायचे असतात, असे त्यानेच शिकवले होते. मी ते तसेच ठेवले आणि पुढे गेले.