उडीसाठी दोन पट्ट्या, पायघडीला तिसरी

माझी लेक हेलिकॉप्टरमधून उडी मारते. हे सांगितलं की समोरचा माणूस हमखास विचारतो, "सिनेमात का?" सिनेमात नाही हो. शाळेचं संमेलन असतं, कारखान्याचा वर्धापनदिन असतो, क्रिकेटच्या सामन्यांचं उद्घाटन असतं, अशा ठिकाणी ती आणि तिचे तीन साथीदार वरून उड्या टाकतात. पायाला बांधलेल्या डब्यांतून रंगीत धूर सोडत, पॅराशूटच्या छत्रीला लटकून गिरक्या घेत खाली येतात आणि मैदानाच्या मधोमध, पाहुण्यांच्या नाकासमोर उतरतात. लोक टाळ्या वाजवतात, सेल्फी काढतात. मग जेवण असतं.

मीही तिथे असते. आई म्हणून असते ते आहेच, पण मला कामही असतं. मी कापडवाली.

म्हणजे काय ते सांगते. मैदानावर पांढऱ्या कापडाच्या दोन लांब पट्ट्या टाकायच्या, एकीवर दुसरी आडवी. वरून फुली दिसते. फुली दिसली की उडी. खाली काही बिनसलं, वारा वाढला, कुणाची गुरं मैदानात शिरली, की एक पट्टी उचलायची. वरून एकच रेघ दिसली की उडी रद्द, दार बंद, सगळे परत. वायरलेस असतो, नाही असं नाही, पण हेलिकॉप्टरच्या घरघरीत त्यावर काय बोलतात ते त्यांचं त्यांनाच कळत नाही. म्हणून टोळीच्या म्होरक्याचा नियम आहे, कानावर विश्वास नाही, कापडावर विश्वास. हा म्होरक्या फौजेतून निवृत्त झालेला, साताऱ्याकडचा. मिशी आणि शिस्त दोन्ही कडक.

आता तुम्ही म्हणाल, हे काम या बाईला कुणी दिलं? तर माझ्या बापाचं मिठागर होतं, उरणच्या खाडीकाठी. लहानपणी फळी घेऊन मीठ ओढलंय मी. मिठागरात वाढलेल्या माणसाला वारा कळतो, त्यासाठी वेगळी शाळा लागत नाही. दुपार कलली की खाडीवरून खारा वारा सुटतो, आणि सुटायच्या आधी थोडा वेळ सगळं गप्प होतं. लेकीच्या एका कार्यक्रमात मी नुसती बघायला गेले होते. वारा मोजणाऱ्या माणसाने यंत्र बघून सांगितलं, सगळं ठीक आहे. मी म्हटलं, "आत्ता ठीक आहे, पण चहा पिऊन होईपर्यंत फिरेल." फिरला. त्या दिवसापासून म्होरक्या मला मावशी म्हणायला लागला आणि कापड माझ्या ताब्यात आलं.

पण मग एक चूक झाली, माझीच. एका शाळेच्या मैदानावर कापडावर ठेवायला दगड घेतले ते हलके निघाले. हेलिकॉप्टर डोक्यावर आणि इकडे पट्टीचं टोक उडून दुमडलं. त्यांना एक फेरी जास्त मारावी लागली. म्होरक्या ओरडला असता तर बरं झालं असतं. तो गोड बोलला. "मावशी, पुढच्या महिन्यापासून कोर्स केलेला माणूस ठेवतोय. तुमच्या गावचा कार्यक्रम तेवढा करा, मग आराम करा."

आराम! साठी उलटलेल्या बाईला आराम कर म्हणणं म्हणजे काय ते मला विचारा. सकाळी भाकऱ्या, दुपारी मालिका, संध्याकाळी गुडघ्याला तेल. त्या कापडामुळे मी चार जिल्हे बघितले होते. माझ्या गळ्यात शिटी होती. माझ्या हाताच्या इशाऱ्यावर चार माणसं आभाळातून उतरत होती, आणि त्यातली एक माझी होती.

लेक गाडीत म्हणाली, "आई, गावचा कार्यक्रम बिनचूक होऊ दे. मग मी बोलते त्यांच्याशी."

"आणि चुकला तर?"

ती खिडकीबाहेर बघत राहिली.

आमचं गाव पनवेलपासून रिक्षाच्या अंतरावर. पूर्वी भातशेती, आता तीन बाजूंनी इमारती आणि चौथ्या बाजूला खाडी. मधे एक मैदान उरलंय. तिथे दरवर्षी क्रिकेटचे सामने होतात, आणि त्या वर्षी मंडळाने ठरवलं की उद्घाटनाला आपल्याच गावची पोर वरून उतरणार. मी सांगतेय ते विमानतळ सुरू व्हायच्या आधीचं. आता तशी परवानगी मिळायची नाही. तेव्हाही मिळाली ती मोजून मापून, चार ते सव्वाचार. सव्वाचारनंतर हेलिकॉप्टरने तिथे थांबायचं नाही.

मी आदल्या दिवशीपासून तयारीला लागले. दगडांनी एकदा तोंडघशी पाडलं होतं, म्हणून जुन्या पॅंटींचे पाय कापून पिशव्या शिवल्या आणि त्यात जाडं मीठ भरलं. वजनदार, टोचत नाहीत, घरंगळत नाहीत. साडेतीनला फुली टाकली. टोकांवर पिशव्या, मधे पिशव्या. वारा आला तरी सुरकुती नाही. मी मनात म्हटलं, ये आता कोर्सवाल्या, बघ.

एवढंच बघायचं राहिलं होतं की खारा वारा कधी सुटतोय. म्हणून चारला दहा कमी असताना मी खाडीच्या बांधावर गेले. बांबूला जुन्या साडीची चिंधी बांधली होती, ती लुळी पडली होती. थांबले. मग हळूच हलली. पश्चिमेकडून. मी फोनवरून म्होरक्याच्या वायरलेसवाल्या माणसाला सांगितलं, "खाडीकडे तोंड करून उतरायला सांग." तेवढ्यात आवाज आला. हेलिकॉप्टर डोंगराच्या बाजूने आलं, मैदानावरून गेलं आणि कुणीही उडी न मारता पुढे निघून गेलं.

मी वळून मैदानाकडे बघितलं. फुली नव्हती. एकच रेघ होती.

गुडघे विसरून मी धावले. जवळ जाऊन बघते तर माझी दुसरी पट्टी मैदानाच्या कडेला, व्यासपीठाकडे तोंड करून अंथरलेली. तिच्यावर पांढरं दिसू नये इतक्या झेंडूच्या पाकळ्या, दोन्ही कडांना रांगोळी, टोकाला कलश. आणि आमच्या गावच्या महिला मंडळाच्या तीसेक बायका, सगळ्यांच्या अंगावर एकसारख्या पिवळ्या साड्या, हातात आरतीची ताटं. पुढे माझी थोरली जाऊ, मंडळाची अध्यक्षा.

"जाऊबाई, माझी पट्टी!"

"पट्टी कुठली गो? पायघडी हाय ती. लेक आपली आभालातून येतेय, ती काय मातीतून चालंल?"

"अहो पण दुसरी पट्टी दिसल्याशिवाय ती उडीच मारणार नाही! आणि मिठाच्या पिशव्या कुठायत?"

"त्या ताटात. दृष्ट काढायला आणल्यास ना तू? मोहरी इसरलीस, ती मी टाकली."

बाई चुकली नव्हती. आमच्याकडे मानाचं माणूस आलं की पायघडी लागते, आणि अंगणात कुणी पिशवीभर मीठ आणून ठेवलं तर ते दृष्टीसाठीच असणार. पांढरंशुभ्र कापड दोन-दोन पडलंय, एक उचललं तर काय बिघडलं? मीच आधी सगळ्यांना सांगायला हवं होतं. कापड बघितलं, वारा बघितला, गाव बघायचं राहिलं.

मी पट्टी ओढायला गेले. हलेना. मंडपवाल्याने ती खिळे ठोकून जमिनीला पक्की केली होती, मोठ्या कौतुकाने, हातभर अंतरावर एक. माझ्या हातात फक्त कोपरा आला. वायरलेसवाला कानावर हात ठेवून "हॅलो, हॅलो" करत गोल गोल फिरत होता. व्यासपीठावर डीजे. फोनमध्ये बघितलं, चार वाजून सात मिनिटं. हेलिकॉप्टर लांब इमारतींवरून वळत होतं. परत यायला वळत होतं की घरी जायला, ते काही कळत नव्हतं.

तेव्हा मला त्या साड्या दिसल्या. मैदान सगळं करड्या वाळक्या गवताचं, आणि त्यात तीस बायका पिवळ्याधमक.

मी शिटी फुंकली आणि ओरडले, "पंगत धरा! त्या मधल्या पट्टीला आडवी, एका ओळीत! पंगत!"

दुसरं काहीही सांगितलं असतं तर कशाला, का, कुठे, असं दहा मिनिटं चाललं असतं. पण पंगत म्हटल्यावर आमच्या बायकांना काही समजवावं लागत नाही. हळदीला हजार माणूस जेवायला बसवतात त्या. पंधरा इकडे, पंधरा तिकडे, खांद्याला खांदा, ओळ अशी सरळ की सुतार दोरी लावून बघेल. ताटं मांडीवर.

"वयनी, साडी नवी हाय माझी," एक म्हणाली.

"धुऊन देईन मी! बस!"

"आनि वाढप काय हाय?" दुसरी म्हणाली आणि सगळी ओळ हसायला लागली.

"हलू नका गो! हललात तर रेघ वाकडी दिसेल!"

जाऊबाई तेवढ्या उभ्या. अध्यक्षा खाली कशी बसणार? मी हात जोडले. म्हटलं, "तुमच्याच पुतणीसाठी." त्या बसल्या, ओळीच्या अगदी टोकाला, पदर सावरून. दुसऱ्या टोकाला मी दोन्ही हात पसरून उभी राहिले आणि वर बघत राहिले.

हेलिकॉप्टर वळलं. आलं. डोक्यावर आलं. आवाजाने कान भरून गेले.

एक ठिपका सुटला. मग दुसरा. तिसरा. चौथा.

"पडली गो!" कुणीतरी किंचाळलं.

"पडली नाही, उडी मारली! उठा आता, पळा!"

पण उठतंय कोण? सगळ्या तोंड उघडी टाकून वर. "पयली ती दिसते का बगू दे." मी शिटीवर शिटी. शेवटी छत्र्या उघडल्या, नारिंगी, पांढरी, हिरवी, नारिंगी, आणि धुराच्या रेघा निघाल्या तेव्हा कुठे त्या भानावर आल्या आणि ताटं सांभाळत कडेला पळाल्या. माईकवर आमचा क्रिकेटचा निवेदक. त्याला दुसरी भाषाच येत नाही, तो सुरू झाला, "आणि चेंडू हवेत! उंच, उंच, खाली कोण आहे? खाली गाव आहे!"

हिरवी छत्री माझी. म्हणजे लेकीची. खारा वारा आता चांगला सुटला होता. खाडीकडे तोंड करून ती आली, इमारतींच्या बाजूने, मैदानावर आली, छत्री एकदा ओढून थबकवली आणि जिन्याची शेवटची पायरी उतरावी तशी माझ्या उरलेल्या पट्टीच्या टोकावर उभी राहिली. दोन पायांवर. धडपड नाही, काही नाही.

काय तो आवाज झाला हो. डीजेवाल्याने स्वतःहून गाणं बंद केलं, कारण ते ऐकूच येत नव्हतं. गच्च्यांवरून, बांधावरून, टेम्पोच्या टपावरून लोक ओरडत होते. जाऊबाई पुढे झाल्या. लेकीने बूट काढून हातात घेतले, कारण मोठीआईने अंथरलेल्या पायघडीवर बूट घालून जायचं नाही एवढं तिला कळतं, आणि पाकळ्यांवरून अनवाणी चालत गेली. हेल्मेट काखेत, कपाळावर कुंकू, नाकाला धुराची काजळी. तिला मी चाळीसेक कार्यक्रमांत उतरताना पाहिलंय. अशी चाललेली त्याच दिवशी पाहिली.

म्होरक्या सगळ्यात शेवटी उतरला. त्यालाही ओवाळलं. काय करायचं ते न सुचून त्याने आरतीला कडक सॅल्यूट ठोकला. मग जाऊबाईंनी मिठाची पिशवी चौघांवरून उतरवली, पॅंटीच्या पायात शिवलेली, मोहरी घातलेली. तेही त्याने ताठ उभं राहून सोसलं.

मग तो माझ्याकडे आला. मी तयारीत होते. म्हटलं, माझी चूक झाली, मी गावाला आधी सांगितलं नाही.

"मावशी, पहिल्या फेरीला एकच पट्टी दिसली. मी दार बंद करायला सांगितलं होतं. पायलटला म्हटलं, एकदा शेवटचं वळून बघू. तर आडवी पिवळी पट्टी. ती कुठून आणलीत?"

"पंगत बसवली."

"पंगत?"

मी कडेला बोट दाखवलं. तीस पिवळ्या साड्या गवत झटकत होत्या आणि लेकीबरोबर फोटो काढायला भांडत होत्या. त्याने एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मिशीतून हसू फुटलं ते थांबेना. डोळे पुसत म्हणाला, "हे कोर्समध्ये शिकवत नाहीत."

"नसतील शिकवत."

"पुढच्या महिन्यात कारखान्याचा कार्यक्रम आहे. मीठ जास्त आणा, तिथे वारा फार असतो."

लेक लांबून बघत होती. मी तिला नुसती शिटी दाखवली.

तेव्हापासून माझ्या पिशवीत तीन पट्ट्या असतात. दोन आभाळासाठी. तिसरी मी जिथे जाईन तिथल्या बायकांच्या हातात आधी देते आणि सांगते, ही तुमची, हवी तिथे अंथरा, पण माझ्या दोघींना हात लावू नका.