उशिराचं कारण

चूक माझी होती. कुणी भाग पाडलं नव्हतं, वरून आदेश नव्हता, नियमही आडवा येत नव्हता. मी ती शुद्धीवर असताना केली.

इंदापूर तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीत मी लिपिक आहे. बावीस वर्षं झाली. राहायला बारामतीत, जळोचीला. आमच्या ग्रामसेवकाकडं तीन गावं आहेत, म्हणून जन्म-मृत्यूची नोंदवही बहुतेक वेळा माझ्याच हातात असते.

उसाचा हंगाम ऐन भरात होता. सकाळचे अकरा वाजले असतील. एक बाई कार्यालयाच्या दारात येऊन उभी राहिली. ऊसतोडीची. हातांवर पाचटाचे चरे, डोक्याला फडकं, छातीशी साडीच्या तुकड्यात गुंडाळलेलं तान्हं. चप्पल तिनं न सांगता बाहेर काढली होती. आत बाकावर गावातले तिघं चपला घालूनच बसले होते.

"भाऊसाहेब, लेकीची नोंद करायची व्हती. आज दहा दिस झाले. फडातच झाली, तुमच्याच शिवारात."

"कुठली तू?"

"आष्टीकडची. बीड जिल्हा."

"मग तिकडं कर की. हितं कामून आलीस?"

'कामून' हा शब्द इकडचा नाही. इकडं 'कशाला' म्हणतात. तो माझ्या तोंडून निसटला. बाईनं मान वर केली, तिचा चेहरा उजळला.

"दादा, तुमी आमच्याकडचे का हो?"

खरं उत्तर 'होय' होतं. मी म्हणालो, "न्हाय. मी हितलाच."

पण तिनं ओळखलं होतं आणि मला ते सहन होईना. तेवढ्यात तिनं माझ्या पाठीमागच्या भिंतीवरच्या फलकाकडं बोट केलं. "तिथं तर लिवलंय दादा, जिथं जन्म तिथंच नोंद. मी सातवी शिकलेय."

मी म्हणालो, "वाचता येतं तर कोयता कशाला उचललास?"

बाकावर हशा पिकला. सगळ्यात मोठ्यानं तात्या हसले. तात्या म्हणजे माजी सरपंच, मोठे बागायतदार. त्यांच्याच शब्दावर मला ही नोकरी लागली. हसता हसता ते म्हणाले, "अगं बाई, कोयत्याची नोंद मुकादमाच्या वहीत अस्ती. ह्या वहीत माणसांची करत्यात."

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. दोन माणसं, चार हात, मोजायला एक कोयता. पोटातलं आणि पाठीवरचं मोजणीतच नसतं. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तरी मी हसलो. बाईनं तान्ह्याच्या तोंडावरचं फडकं नीट केलं, चप्पल पायात घातली आणि गेली.

आता मी कोण, ते सांगतो.

माझे आईबाप हाच एक कोयता होते. मी सहा वर्षांचा असताना आम्ही आष्टीकडून आलो आणि हंगाम संपल्यावर बाप बारामतीजवळ पणदऱ्याला एका बागायतदाराकडं सालगडी म्हणून राहिला. मला शाळेत घातलं. एकदा वर्गाचा फोटो काढायचा होता. मी केसांना पाणी लावून, पुढच्या रांगेत मांडी घालून बसलो. मास्तरांनी दंडाला धरून उठवलं.

"तू हंगामी. आज हाईस, उद्या न्हाईस. फोटू गावच्या पोरांचा हाय."

मी बाजूला भिंतीला टेकून उभा राहिलो. फोटोवाला म्हणाला, त्या पोराची सावली येतीय. मास्तर म्हणाले, "सरक अजून." मी अजून सरकलो.

रडलो नाही. ठरवलं, पुन्हा कुणाला कळूच द्यायचं नाही. वर्षभरात इकडची बोली उचलली. घरी आई 'कामून' म्हणाली की तिच्यावर खेकसायचो. पुढं जळोचीत घर बांधलं, पाहुणे यायला लागले. "आई, तू आतच बस," मी म्हणायचो. ती बसायची. मरेपर्यंत बसली. माझ्या मुलांना तिची बोली नीट ऐकायला मिळाली नाही. तेही माझंच काम.

पुढच्या हंगामात, संक्रांत झाल्यावर, ती बाई परत आली. तिचं नाव मंगल, हे मला तेव्हा कळलं. पहिल्या वेळी मी विचारलंच नव्हतं. या वेळी ती दादाही म्हणाली नाही, भाऊसाहेबही नाही. तिनं तिच्या गावच्या ग्रामपंचायतीचं पत्र टेबलावर ठेवलं. जन्म येथे झालेला नसल्याने नोंद करता येत नाही, असं त्यात होतं. बरोबरच होतं ते.

तिनं कडेवरची मुलगी खाली ठेवली. तेरा महिन्यांची. डावं पाऊल आत वळलेलं, पार आडवं.

"जनमतानाच वाकडा हाय. दवाखान्यात म्हनले, फुकट होईल, पर योजनेत बसवायला रेशनकार्डावर पोरीचं नाव पायजे. नावाला जन्माचा दाखला पायजे. दाखला तुमी देईनात, तेबी देईनात. फिरून फिरून वरीस गेलं. डॉक्टर म्हनले, तान्ही असताना आनली असती तर नुसत्या पलस्तरानं सरळ झाला असता. आता कापावं लागल."

मुलगी माझ्या टेबलाचा पाय धरून उभी राहिली. पावलाच्या कडेवर. मग माझ्याकडं बघून हसली.

वर्ष उलटल्यावर नोंदीला वरच्या कार्यालयाचा आदेश लागतो. त्या प्रकरणात आमचं एक पत्र जातं आणि त्यात उशिराचं कारण लिहावं लागतं. बावीस वर्षांत मी एकच कारण लिहीत आलो: 'पालकांच्या अज्ञानामुळे नोंद करावयाची राहून गेली.' सगळेच ते लिहितात. त्यावर कुणी प्रश्न विचारत नाही. हात सवयीनं चालला. 'पालकांच्या' एवढं लिहून झालं आणि थांबला.

कुणाचं अज्ञान? दहाव्या दिवशी ओली बाळंतीण फडातून चालत आली होती. नियम तिनं मला वाचून दाखवला होता.

मी ते खोडलं. नव्या कागदावर लिहिलं: 'पालक जन्मानंतर दहाव्या दिवशी नोंदीसाठी आले होते. नियम माहीत असूनही मी, येथील लिपिक, त्यांना परत पाठवले. विलंबास मी जबाबदार आहे.'

तात्या नेहमीसारखे बाकावर होते. उठून आले, कागद उचलून वाचला.

"येडा झालास का रं? चौकशी लागंल. अज्ञान लिव आन् मोकळा हो. त्या बाईला काय फरक पडतोय?"

"तिला अज्ञान नव्हतं, तात्या."

"कुणाच्या शब्दावर ह्या खुर्चीत बसलायस, इसरलास व्हय?"

"न्हाय इसरलो. पण मी कोयत्याचं पोर हाय, आष्टीचं. ते इसरलो व्हतो."

त्यांना मी पणदऱ्याचा एवढंच माहीत होतं. त्यांनी कागद टेबलावर टाकला. मग म्हणाले, "तरीच." तेवढंच. चपला फरफटत निघून गेले.

पुढं नोटीस आली. चौकशी चालू आहे. वेतनवाढ थांबेल, खुर्चीही जाईल कदाचित. जाऊ दे. गावात काही लोक मला आता 'बीडवाला' म्हणतात. म्हणू देत, खोटं नाही ते. वही हातात आहे तोवर मी दर रविवारी तोडणी कामगारांच्या कोप्यांवर अर्ज घेऊन जाणार आहे. कोपी म्हणजे पाचटाची झोपडी, माझा इकडचा पहिला हंगाम तिच्यातच गेला. वही हातातून गेली तर अर्ज लिहून द्यायला जाईन. पाठीवरच्या प्रत्येक लेकराचं नाव कागदावर चढवीन. कुणी नोंद नाकारली तर त्याचं नाव कारण म्हणून लिहीन, जसं माझं लिहिलं.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी तात्या गेल्यावर मी ते पत्र मंगलला मोठ्यानं वाचून दाखवलं. मला वाटलं, माझं काम झालं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"हे कारण झालं," ती म्हणाली. "माफी कुठंय ह्यात?"

बाकावर गावातले दोघं अजून बसले होते. मी खुर्चीतून उठलो, टेबलाला वळसा घालून तिच्यासमोर उभा राहिलो आणि त्या दोघांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो,

"मंगलताई, तुमी येळेत आला व्हता. मी तुमाला हाकललं. तुमच्या शिकण्याला हसलो. ह्या लेकराच्या पायाला उशीर झाला, त्यो माझ्यामुळं. मी चुकलो. मला माफ करा."