अनसूयाअक्का, ज्यांना आम्ही बाजूला केलं

अक्कांचा राजीनामा मी टाईप केला होता.
त्यांनी फक्त सही केली.

आज सकाळी अक्का गेल्या. हार्ट अटॅक. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

अनसूया येमुल. आमच्या समुपदेशक संघटनेच्या पहिल्या अध्यक्ष. वयानं मोठे असलेलेसुद्धा त्यांना अक्काच म्हणायचे.

संघटना म्हणजे फार मोठं काही नाही. सोलापुरात शुक्रवार पेठेत अक्कांच्या घरी, माडीवरच्या खोलीत महिन्यातून एका रविवारी जमणारे आम्ही दहा-बारा जण. कुणी शाळेत काउन्सेलर, कुणी कॉलेजात, कुणी घरीच क्लायंट बघणारं. खाली अक्कांच्या भावाचं कुटुंब. त्यांचं तेलुगू जिन्यातून वर ऐकू यायचं.

अक्कांचं म्हणणं साधं होतं. समोरच्याला दुरुस्त करायला बसू नका. आधी त्याला माणूस म्हणून ऐका.

मी नवीन होते तेव्हा एका प्रॅक्टिस सेशनमध्ये मी भराभर उपाय सांगत सुटले. समोर क्लायंट झालेली मैत्रीण खरंच रडायला लागली होती.
अक्का म्हणाल्या, "स्मिता, तिचं रडून तरी होऊ दे की गं. तुला कसली घाई?"

तीन वर्षांपूर्वी अक्कांच्या एका क्लायंटनं स्वतःला संपवलं.

बावीस वर्षांची मुलगी. दक्षिण सोलापूर तालुक्यातली. गाव सांगत नाही. सोलापुरात शिकायला होती, पाच-सहा महिने अक्कांकडे येत होती.

आठवड्याभरानं तिचे वडील आमच्या मीटिंगमध्ये आले. चप्पल दारात काढून आत आले, पण बसले नाहीत.

"माजी लेक तुमच्याकडं येत हुती की. मग तुमाला कसं कळलं न्हाय?"

खोलीत सगळे लोकांना धीर देणारे. जागचं कुणी उठलं नाही.

अक्का उठल्या, त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. हात जोडले.
"माफ करा," एवढंच म्हणाल्या.

ते "माफ करा" कुणीतरी बाहेर सांगितलं. दोन दिवसांत फेसबुकवर पोस्ट फिरायला लागल्या. चुकीच्या सल्ल्यानं मुलीचा बळी. खाली शेकडो कमेंट. दोन शाळांनी आमची वर्कशॉप कॅन्सल केली. आमच्यातल्या काहींचे क्लायंट यायचे थांबले.

आम्ही घाबरलो. खरं तेच लिहिते. आम्ही घाबरलो.

मी तेव्हा सेक्रेटरी. तातडीची मीटिंग मीच बोलावली. आदल्या दिवशी अक्कांना एकटीनं भेटले.

म्हटलं, "अक्का, तुमची बाजू तरी सांगा. आम्ही लोकांना काय उत्तर द्यायचं?"
"त्यांची लेक गेलीय गं. आता माझी बाजू कसली?"

मला वाटलं, सांगण्यासारखं काही नसणार.
त्यांनी बाजू मांडली नाही, आणि मी तो गुन्ह्याचा कबुलीजबाब समजले. हे काम शिकलेली मी.

मी म्हणाले, "मग थोडे दिवस तुम्ही बाजूला झालात तर बरं होईल. संघटनेसाठी."
त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. दमल्यासारखं.
"टाईप करून आण. सही करते."

थोडे दिवस म्हटलं होतं. त्यांना परत कुणी बोलावलं नाही. मीटिंग दुसरीकडे हलवली. पुढच्या वर्षी अध्यक्ष मी झाले.

अक्कांनी क्लायंट बघणं बंद केलं. दारावरची पाटी स्वतःच काढली, असं भाऊ सांगत होते.

मध्यंतरी भाजी मंडईत भेटल्या. बारीक झाल्या होत्या. मला म्हणाल्या, "कशी आहेस? झोप होते का नीट?"
मी म्हटलं, "हो, मजेत."
आणि मीटिंगला उशीर होतोय म्हणून निघाले.
'तुम्ही कशा आहात' हे विचारायचं राहिलं. राहिलं कसलं, मी टाळलं.

आज दुपारी अंत्ययात्रा निघायच्या आधी गल्लीच्या तोंडाला एक माणूस उभा दिसला. ओळखायला वेळ लागला. त्या मुलीचे वडील.

मला वाटलं, आजही काही बोलणार. मी पुढे गेले.

"ताई, तुमी त्या मीटिंगला हुता न्हवं?"
"हो."
"मीच तिचं हितं यायचं बंद क्येलं हुतं. लोक काय म्हणतील म्हणून घरी आणून ठिवली हुती. बाईंचा दोनदा फोन आला. म्हणाल्या, पोरीला एकटं सोडू नका, दवाखान्यात दाखवा, पायजे तर मी येते बरूबर. मी फोन कट क्येला."



"मग तेव्हा आम्हाला असं का बोललात?"
"कुणावर तरी ढकलायचं हुतं ताई. न्हायतर मी जगलो नसतो." डोळे पुसून म्हणाले, "बाई समद्यांम्होरं सांगू शकल्या असत्या की. पर न्हाय सांगितलं. नंतर दर म्हैन्याला मलाच फोन करायच्या. जेवलात का, झोपलात का, इचारायच्या. मागल्या म्हैन्यातबी फोन आलता."

तीन वर्षं.
आम्ही ज्यांना अपयशी ठरवलं, त्या ते काम एकट्याच करत होत्या. ज्यानं बोट दाखवलं त्याच्याचसाठी.

मी विचारलं, "हे मी लिहू का? तुमचं नाव न घालता?"
त्यांनी अक्कांच्या घराकडे बघितलं.
"लिव्हा. त्यांच्यासाटी लिव्हा."

म्हणून लिहिलं.

येत्या रविवारी मीटिंगमध्ये हे सगळं वाचून दाखवणार आहे. मी आता अध्यक्षाच्या खुर्चीत बसणार नाही. पुढं कोण, ते बाकीच्यांनी ठरवावं.

संध्याकाळी त्या मुलीच्या वडिलांना त्यांच्या गावच्या एसटीत बसवून दिलं. नंबर घेतलाय. उद्या सकाळी फोन करायचा आहे.

अक्का, माफी मागायला मी फार उशिरा आले.
या तुमच्या अपराधी सेक्रेटरीचा अखेरचा नमस्कार.