एका सालाला एक चित्र

“मंग पुढं?”

हे त्याचं वाक्य. कानामागे ब्रश खोचलेला, एक पाय चपलेत, दुसरा बाहेर, आणि तुम्ही बोलायचे थांबलात रे थांबलात की, “मंग पुढं?” तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्याच्यापुढे गोष्ट अर्धी सोडायची सोय नसते. आमच्याकडे हा होता. जळगाव जामोदच्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्याच्या हातच्या. सगळे त्याला पेंटर म्हणत, मीही म्हणे.

मी तिथल्या हायस्कुलात भूगोल शिकवायचो. शाळेच्या भिंतीवर जगाचा नकाशा काढायला तो आला, तेव्हा ओळख झाली. उत्तर अमेरिका रंगवता रंगवता त्याने विचारलं, “सर, इथं कोण राह्यते?”

आता हा काय प्रश्न झाला? पण मला तास नव्हता आणि बोलायची खोड होती. मी त्याला तिथल्या मूळच्या सू लोकांबद्दल सांगितलं. वर्गात हे नाव घेतलं की पोरं फिदीफिदी हसतात, म्हणून मी लाकोटा म्हणतो. त्यांच्यातले बरेचजण स्वतःला तेच म्हणवतात. गवताळ मैदानात रानगव्यांच्या मागे फिरणारे लोक. अमेरिकेच्या सरकारने त्यांच्याशी करार केला की काळे डोंगर तुमचे. मग डोंगरात सोनं सापडलं आणि करार गुंडाळून ठेवला गेला.

“मंग पुढं?”

पुढे कित्येक वर्षांनी कोर्ट म्हणालं, डोंगर घेतले ते चूक झालं, भरपाई घ्या. ते म्हणाले, पैसे नकोत, डोंगर द्या. ते पैसे अजून तसेच पडून आहेत.

“घेतलेच नाई?” तो शिडीवरून खाली उतरला. “अन नदीचं काय झालं?”

मिसुरी नदी त्यानेच नुकती निळ्या रंगाने ओढली होती. मी सांगितलं, नदीवर धरणं झाली, काठची त्यांची चांगली जमीन, झाडं, घरं पाण्याखाली गेली. अलीकडे त्याच नदीच्या तळाखालून तेलाची पाइपलाइन नेली. आमचं पिण्याचं पाणी नासेल म्हणून हे लोक कडाक्याच्या थंडीत तंबू ठोकून बसले. तेल तरीही वाहतंय आणि भांडण मिटलेलं नाही.

तो ब्रशाचं टोक चावत उभा राहिला. त्याचं स्वतःचं गाव नदीकाठी आहे आणि धरणात बुडणाऱ्या गावांच्या यादीत आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. माहीत असतं तर गप्प बसलो असतो. कदाचित नसतोही बसलो.

वर मी आणखी एक गोष्ट सांगितली. हे लोक वर्षाला आकडा देत नसत, चित्र देत. दर हिवाळ्यात म्हातारी माणसं बसून ठरवायची की सरल्या वर्षातली लक्षात ठेवायची गोष्ट कोणती. एकच. मग एकजण ती कातड्यावर काढायचा. देवीची साथ आली ते साल, आकाशातून तारे पडले ते साल, असं पिढ्यान्‌पिढ्या.

झालं. माझ्या एका मोकळ्या तासाने त्या माणसाच्या जिवाचं स्वास्थ्य गेलं.

त्याने मांजरपाटाचं लांबलचक कापड आणलं, त्यावर चौकोन आखले आणि आपल्या गावातल्या म्हाताऱ्यांना धरून बसवायला सुरुवात केली. तुरी घरात आल्या की पुढच्या रविवारी त्या वर्षाचं चित्र ठरायचं. एरवी जुनी सालं आठवायची. एकेका सालावरून हमरीतुमरी. एक म्हणे, बिबट्या शाळेत शिरला ते साल. दुसरा म्हणे, बिबट्या रोजच येते, पहिली एसटी आली ते काढ. माजी सरपंचांचं म्हणणं, ते निवडून आले ते साल.

“आबा, तुमी तं बिनविरोध आले होते,” पेंटर म्हणाला. “बिनविरोधाचं चित्र कसं काढू?”

मला सकाळी सहालाच फोन. “सर, त्याईच्यात दोन बुढ्याईचं जमलं नाई तं काय करेत?” मला काय ठाऊक? मी वैतागायचो, फोन ठेवायचो, आणि मग दिवसभर माझ्याच डोक्यात तो प्रश्न वळवळायचा.

त्या कापडावर एक चौकोन विहिरीचा होता. मोठ्या दुष्काळात बौद्धपुऱ्यातली विहीर आटली, तेव्हा पेंटरची आई घागर घेऊन गावच्या विहिरीवर गेली आणि तिने पाणी शेंदलं. पुऱ्यातली ती पहिली. पेंटर तेव्हा तिच्या पोटात होता. हे चित्र त्याने कोणाला न विचारता काढलं, आणि सगळ्यांत मन लावून काढलं.

हा चौकोन रंगला त्याच वर्षी धरणासाठी गाव उठवायची वेळ जवळ आली. पुनर्वसनाचे साहेब सांगून गेले की ग्रामसभेने एकमताने ठराव केला तर सगळं गाव एका जागी वसेल. नाहीतर गाव एकीकडे आणि पुरा दुसरीकडे, मध्ये पाच कोस. पेंटरला गाव एकत्र हवं होतं. त्याचे सोबती, त्याची भांडणं, सगळी तिथेच होती. गावातली काही कर्ती माणसं त्याला म्हणाली, ठराव करू, पण ते विहिरीचं चित्र पूस. नव्या जागी जुनी उणीदुणी कशाला?

तो सकाळच्या गाडीने शाळेत आला. खुर्ची दिली तर बसेना. खिडकीपासून दारापर्यंत नुसत्या येरझाऱ्या.

“त्याईनं डोंगराचे पैसे अजून घेतले नाईत ना, सर?”

“नाही.”

“मले तं कोणी पैसेबी देऊन नाई राह्यलं. नुसतं पूस म्हणतेत.” तो हसला. “पुसलं तं गाव एक राह्यते. नाई पुसलं तं माय राह्यते. सांगा, काय करू?”

मी म्हणालो, “पेंटर, ते तुमचं तुम्ही ठरवा.” आणि घंटा झाली म्हणून वर्गावर निघून गेलो. जगभरच्या लोकांचे धडे देणारा मी, समोरच्या माणसाला मला आधाराचा एक शब्द देता आला नाही. त्याची लाज अजून वाटते.

ग्रामसभेला मी गेलो, राहवेना म्हणून. तिथल्या शाळेच्या व्हरांड्यात त्याने कापड टांगलं होतं. विहीर जागच्या जागी होती.

“पेंटर, थे आहेच का अजून?” माजी सरपंचांनी विचारलं.

“हाव, आबा. आहे.”

 तेवढ्यात बायकांमधून पाटलांच्या घरची आजी उठली. सत्तरीची, गुडघ्यांनी अधू. हळूहळू कापडापाशी गेली, डोळे बारीक करून पाहत राहिली. आता ही फाडते, असंच मला वाटलं.

“मले काऊन नाई काढलं?” ती म्हणाली. “मीबी होती तिथं. नवी सून होती मी.”

पेंटर गडबडला. “कशी काढू, काकू?”

“पाठमोरी काढ. तुही माय पाणी शेंदत होती, पोटुशी बाई, अन मी पाठ फिरवून उभी राह्यली. दोराले हात लावला नाई. तोंड नोको काढू माहं.”

पेंटरने कानामागचा ब्रश काढला. 

“लुगडं कोणतं होतं, काकू?”

“हिरवं.”

त्याने सगळ्यांसमोर ती काढली. माजी सरपंच खाली मान घालून बसले होते. नंतर ठरावावर सगळ्यांचे हात वर झाले. मी परतीच्या गाडीत रडलो, हे कबूल करतो.

गाव हलायला पुढचं वर्ष उजाडलं. ट्रॅक्टरमधून दारं, कवाडं, सागाच्या बल्ल्या नव्या जागी चालल्या होत्या आणि त्याच महिन्यात पेंटरला कावीळ झाली. अकोल्याला नेलं. पंधरा दिवसांत गेला. नव्या जागी एकाच रस्त्याला गावाची आणि पुऱ्याची घरं लागली. त्यातल्या त्याच्या घरात तो एक रात्रही राहिला नाही.

तुरी निघाल्यावर, पुढच्या रविवारी, म्हातारी माणसं नव्या शाळेच्या टिनाखाली जमली. मलाही निरोप आला होता. पेंटरच्या बायकोने कापड आणि रंगाचे डबे आणून ठेवले. या वेळी वाद व्हायचं कारण नव्हतं. माजी सरपंच म्हणाले, “गाव उठलं थे साल. दुसरं काय?” सगळ्यांनी माना डोलावल्या.

“गाव कुठं गेलं?” आजी म्हणाली. “गाव तं सोबत आलं. पेंटर नाई आला.”

 मग माजी सरपंचच म्हणाले, “बराबर आहे. पेंटर गेला थे साल.”

साल ठरलं. डबे उघडले, ब्रश पुढे ठेवला. पण तो उचलणारा कोणी नव्हता, आणि तो चौकोन तसाच कोरा राहिला.